विमानप्रवासात चेहऱ्याची नाजूक त्वचा कशी जपावी

लांबच्या विमानप्रवासानंतर आरशात पाहिले की चेहरा निस्तेज दिसतो, गाल ओढल्यासारखे वाटतात, नाकाच्या कडेला पांढरट पापुद्रे सुटलेले असतात आणि बोलताना ओठ चुरचुरतात. झोप झाली नाही म्हणून असे झाले, अशी आपण समजूत करून घेतो. जागरणाचा त्यात थोडा वाटा असतोही, पण मुख्य कारण विमानातील हवा हे असते आणि ते नीट समजले तर त्यावरचे उपाय अवघड नाहीत. बहुतेकांची चूक उपायात नसून वेळेत असते. चेहरा कोरडा पडल्यावर, उड्डाणाच्या मध्यावर कधीतरी, बॅगेतून क्रीम शोधले जाते, तोपर्यंत त्वचेतील पुष्कळसे पाणी निघून गेलेले असते. खरे काम विमानात पाऊल ठेवण्यापूर्वी करायचे असते.

हवा इतकी कोरडी का असते

प्रवासी विमाने साधारणपणे 10 ते 12 किलोमीटर उंचीवरून उडतात. तेथे बाहेरचे तापमान उणे 50 अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि इतक्या थंड हवेत बाष्प जवळजवळ नसतेच. केबिनमध्ये येणारी ताजी हवा बाहेरून घेतलेली हीच हवा असते. ती दाबून, योग्य तापमानाला आणून आत सोडली जाते आणि केबिनमधील काही हवा गाळण्यांतून फिरवून तिच्यात मिसळली जाते, परंतु या सगळ्या प्रवासात तिला पाणी सहसा कोठेच मिळत नाही. त्यामुळे केबिनमधील सापेक्ष आर्द्रता बहुधा 10 ते 20 टक्क्यांच्या दरम्यान राहते आणि लांब पल्ल्याच्या उड्डाणात ती याहूनही खाली जाऊ शकते. घरात आपल्याला 40 ते 60 टक्के आर्द्रता सुखकर वाटते, हे लक्षात घेतले तर फरक किती मोठा आहे ते कळेल.

केबिनमध्ये जो थोडाफार ओलावा असतो, तो मुख्यतः प्रवाशांच्या श्वासातून आणि त्वचेतून आलेला असतो. म्हणूनच जेथे आसने विरळ असतात, त्या पुढच्या भागातील हवा दाटीच्या मागच्या भागापेक्षा अधिक कोरडी असते. बोइंग 787 आणि एअरबस ए350 या नव्या विमानांचा सांगाडा बराचसा कार्बन तंतूंच्या मिश्र साहित्याचा असल्यामुळे त्याला धातूप्रमाणे गंजण्याची भीती कमी असते, म्हणून त्यांत हवा किंचित दमट ठेवता येते. हा फरक सुखद असला तरी त्वचेची काळजी सोडून देता येईल इतका मोठा नाही.

त्वचेत नेमके काय घडते

त्वचेचा सर्वांत वरचा थर चपट्या, मृत पेशींचा असतो आणि चेहऱ्यावर तो केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी आहे, असे त्वचाशास्त्रात समजावले जाते. पेशी या विटा आणि त्यांच्यामधील सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले हा चुना. हा चुना शाबूत असेल तोवर शरीरातील पाणी बाहेर झिरपण्याचा वेग मर्यादित राहतो. साबणाने, स्क्रबने किंवा तीव्र औषधी क्रीमने तो कमी झालेला असेल, तर कोरड्या हवेत पाणी फार लवकर उडून जाते.

हा वरचा थर लवचीक राहण्यासाठी त्यात निदान 10 टक्के पाणी असावे लागते. त्याखाली प्रमाण गेले की तो कडक आणि ठिसूळ होतो. यात आणखी एक गोष्ट घडते, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. मृत पेशी एकेक करून अलगद गळून पडाव्यात यासाठी त्यांच्यातील सांधे सोडवणारी विकरे (एन्झाइम) काम करत असतात आणि या विकरांना पाणी लागते. पाणी कमी झाले की हे काम मंदावते, पेशी सुट्या न होता एकमेकींना चिकटून राहतात आणि मग घोळक्याने निघतात. आपल्याला दिसणारे पापुद्रे ते हेच. ते खरवडून काढू नयेत असे पुढे सांगितले आहे, त्याचे कारण येथे आहे.

चेहऱ्याचे सगळे भाग सारखे सोसत नाहीत. पापण्यांची त्वचा सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीची, म्हणजे सर्व शरीरात अत्यंत पातळ असते. ओठांवर तेल सोडणाऱ्या ग्रंथी जवळजवळ नसतात. गालांवर त्या कपाळ आणि नाकाच्या तुलनेने कमी असतात. त्यामुळे डोळ्यांभोवती, ओठांवर आणि गालांवर कोरडेपणा आधी जाणवतो. ज्यांची त्वचा तेलकट आहे त्यांना आपण सुटलो असे वाटते, पण तेल आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपाळ चमकत असतानाही त्याखालची त्वचा कोरडी आणि ताणलेली असू शकते.

पाणी पिण्याविषयी एक गैरसमज

विमानात भरपूर पाणी प्यावे म्हणजे त्वचा कोरडी पडणार नाही, हा सल्ला इतक्या वेळा दिला जातो की तो निर्विवाद वाटू लागतो. तहानेप्रमाणे पाणी जरूर प्यावे, त्याने घसा ओला राहतो आणि बरे वाटते. मात्र प्यायलेले पाणी चेहऱ्याच्या वरच्या थराला थेट पोहोचत नाही. तेथील कोरडेपणा हवेमुळे बाहेरून येतो आणि त्याला बाहेरूनच अडवावे लागते. बाटलीमागून बाटली रिकामी करूनही गाल रखरखीत राहिले, तर त्यात आश्चर्य वाटायला नको. मद्य मात्र टाळावे. त्याने लघवीचे प्रमाण वाढते, झोप उथळ होते आणि ज्यांना चेहरा लाल होण्याचा त्रास आहे त्यांची लाली भडकते.

प्रवासाच्या दोन-तीन दिवस आधी

ही तयारी कमी महत्त्वाची समजली जाते, पण माझ्या मते निम्मे यश येथेच आहे. रेटिनॉल किंवा ट्रेटिनॉइन असलेली क्रीमे, तसेच ग्लायकोलिक, लॅक्टिक किंवा सॅलिसिलिक आम्ल असलेली उत्पादने प्रवासाच्या दोन-तीन दिवस आधी थांबवावीत. ती डॉक्टरांनी लिहून दिलेली असतील तर खंड पाडण्यापूर्वी त्यांना विचारावे. ही द्रव्ये आपापल्या जागी गुणकारी आहेत, परंतु वापराच्या काळात वरचा थर पातळ व हळवा होतो आणि अशा अवस्थेत केबिनची हवा त्याला झेपत नाही. याच दिवसांत चेहऱ्यावर स्क्रब, ब्लीच, वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग करू नये. प्रवासासाठी म्हणून मुद्दाम नवे क्रीम विकत घेतले असेल, तर ते किमान आठवडाभर आधी वापरून पाहावे, कारण एखादा घटक सोसला नाही हे विमानात कळणे फार त्रासाचे ठरते.

दाढी करणाऱ्यांनी ती निघण्याच्या दिवशी सकाळी न करता आदल्या दिवशी संध्याकाळी करावी. पात्यामुळे केसांबरोबर वरच्या थराचाही थोडा भाग निघतो आणि तो सावरायला एक रात्र तरी मिळायला हवी.

निघण्यापूर्वीचा लेप

येथे क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो. त्वचेवर लावायचे पदार्थ कामाच्या दृष्टीने तीन प्रकारचे असतात. ग्लिसरीन, हायलुरॉनिक आम्ल, युरिया, पॅन्थेनॉल हे पदार्थ पाणी धरून ठेवतात. स्क्वालेन आणि सिरॅमाइड यांसारखे स्निग्ध पदार्थ पेशींमधील फटी भरून काढतात आणि त्वचा मऊ करतात. पेट्रोलियम जेली, लॅनोलिन, डायमेथिकोन यांचा पातळ पडदा पाण्याला बाहेर पडण्यापासून अडवतो. विमानात या तिन्हींपैकी तिसरा प्रकार सर्वांत मोलाचा असतो आणि नेमका तोच लोक चिकट म्हणून टाळतात.

निघण्याच्या सुमारे तासभर आधी चेहरा कोमट पाण्याने धुवावा. त्यासाठी फेस न येणारे किंवा अगदी कमी फेस येणारे सौम्य क्लिन्झर वापरावे. अंगाच्या साबणाने चेहरा धुऊ नये. त्वचेचा सामू (पीएच) पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो आणि नेहमीचा साबण त्यामानाने बराच अल्कधर्मी असतो. पहाटेचे उड्डाण असेल आणि रात्री चेहरा स्वच्छ धुऊन झोपला असाल, तर सकाळी नुसते पाणी पुरेसे आहे.

मऊ टॉवेलने चेहरा टिपावा, चोळू नये, आणि तो पूर्ण कोरडा होऊ न देता ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक आम्ल असलेले सिरम लावावे. सिरम नसेल तर ही पायरी गाळून थेट क्रीमकडे वळले तरी चालते, कारण बहुतेक चांगल्या क्रीममध्ये ग्लिसरीन असतेच. मात्र सिरम लावले आणि त्यावर काहीच लावले नाही, ही चूक कधीही करू नये. कोरड्या हवेतून ओढून घेण्यासारखे पाणी नसल्यामुळे असे पदार्थ त्वचेच्या आतल्या थरांतील पाणी वर आणतात आणि वर अडवणारे काही नसेल तर ते हवेत उडून जाते. सिरमनंतर मिनिटभरात सिरॅमाइडयुक्त दाट क्रीम लावावे. जेल किंवा पातळ लोशन दमट दिवसांत पुरते, केबिनमध्ये पुरत नाही.

शेवटचा पडदा सगळ्या चेहऱ्यावर लागेलच असे नाही. मुगाच्या दाण्याएवढी पेट्रोलियम जेली बोटांच्या टोकांवर पसरवून गालांचे उंचवटे, नाकाच्या कडा, तोंडाचे कोपरे आणि डोळ्यांखालचे हाड यांवर अलगद दाबावी. पापणीच्या अगदी काठाला लावू नये, नाहीतर ती डोळ्यांत उतरते आणि दिसणे धूसर होते. रॉबर्ट चेसब्रो यांनी 1872 साली अमेरिकेत पेटंट घेतलेला हा पदार्थ आजही पाण्याची वाफ अडवण्यात सर्वांत सरस मानला जातो. महागड्या बाटल्यांच्या रांगेत त्याला मान मिळत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. ज्यांना मुरमांचा त्रास आहे त्यांनी जेलीऐवजी डायमेथिकोन किंवा स्क्वालेन असलेले हलके क्रीम घ्यावे. शुद्ध जेली छिद्रे बुजवणारी मानली जात नाही, पण तेलकट भागावर तिचा जाड थर नकोसा वाटतो आणि बोटे सारखी चेहऱ्याकडे जातात.

दिवसाचे उड्डाण आणि खिडकीजवळची जागा असेल, तर सनस्क्रीनचा विचार करावा लागतो. केबिनच्या खिडक्या अतिनील किरणांतील यूव्हीबी भाग बहुतांशी अडवतात, परंतु यूव्हीए किरणांचा काही भाग आत येऊ शकतो, आणि उंचीबरोबर या किरणांची तीव्रता वाढत जाते. अशा वेळी क्रीमनंतर एसपीएफ 30 किंवा त्याहून अधिक असलेले, क्रीमच्या स्वरूपातील सनस्क्रीन लावावे. त्यावर जेली चोळली तर सनस्क्रीनचा थर विस्कटतो, म्हणून त्या दिवशी जेली ओठांपुरती ठेवावी. खिडकीचा पडदा खाली ओढणे हा याहून सोपा आणि खात्रीचा उपाय आहे. रात्रीच्या उड्डाणात सनस्क्रीनची गरज नसते.

मेकअप शक्यतो करू नये. करणे आवश्यकच असेल तर पावडर आणि मॅट फाउंडेशन टाळावे, कारण पावडर तेल शोषून घेते आणि पापुद्र्यांत अडकून ते अधिक उठून दिसतात.

विमानात बसल्यावर

पहिले काम डोक्यावरील हवेच्या झोताचे. झोत थेट चेहऱ्यावर येत असेल तर बाष्पीभवन वाढते, त्यामुळे त्याची दिशा बाजूला किंवा छातीकडे वळवावी. तो पूर्ण बंद करण्याची गरज नाही, खेळती हवा चांगलीच असते. तोंडावर मास्क लावता आला तर फारच उत्तम. श्वासातील ओलावा त्याच्या आत साठतो आणि चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग, ओठ आणि नाकपुड्या यांच्याभोवती हवा दमट राहते. लांबच्या उड्डाणात झोपताना मी तो नेहमी लावतो, आणि सकाळी ओठांवरचा फरक स्पष्ट जाणवतो.

चेहऱ्यावर पाण्याचा फवारा मारण्याची सवय अनेकांना असते. क्षणभर गार वाटते, पण ते पाणी काही मिनिटांत उडून जाते आणि त्वचा पुन्हा तितकीच, कधी त्याहून अधिक ओढल्यासारखी वाटते. फवारा मारायचाच असेल तर लगेच त्यावर क्रीम लावावे, नुसता मारून सोडू नये. ओल्या वाइप्सनी चेहरा पुसणे हे त्याहून वाईट. त्यांतील स्वच्छ करणारे घटक त्वचेवर तसेच राहतात आणि पुसताना सकाळी लावलेला लेपही निघून जातो. प्रसाधनगृहातील साबणाने चेहरा धुण्याचेही हेच परिणाम होतात.

मग विमानात करायचे काय? फारसे काही नाही, आणि हेच सांगणे सर्वांत कठीण जाते. लेप नीट लावला असेल तर पहिले तीन-चार तास चेहऱ्याला हात लावू नये. त्यानंतर, किंवा झोपण्यापूर्वी, हात स्वच्छ करून थोडे क्रीम गालांवर दाबून लावावे. हात सॅनिटायझरने स्वच्छ केले असतील तर ते पूर्ण वाळेपर्यंत थांबावे, कारण त्यातील अल्कोहोल चेहऱ्याच्या, विशेषतः डोळ्यांजवळच्या त्वचेला झोंबते. शीट मास्क लावण्यास हरकत नाही, पण तो चेहऱ्यावरच वाळू देऊ नये, ओला असतानाच काढावा आणि लगेच क्रीमने झाकावे. दोन तासांच्या उड्डाणासाठी मात्र हा सगळा खटाटोप अनावश्यक आहे.

ओठांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना दर एक-दोन तासांनी बाम लागतो, कारण खाण्यापिण्यात तो पुसला जातो. बाम साधा, वास आणि चव नसलेला असावा. मेन्थॉल किंवा कापूर घातलेले बाम थंडावा देतात, परंतु फुटलेल्या ओठांना ते चुरचुरतात आणि चवीचे बाम चाटण्याचा मोह होतो. ओठ चाटल्याने ते ओले होत नाहीत. लाळेतील विकरे पातळ त्वचेला त्रास देतात आणि लाळ उडाली की ओठ पूर्वीपेक्षा कोरडे होतात. नाक आतून सुकत असेल तर मिठाच्या पाण्याचा नाकात मारायचा फवारा वापरावा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी लांबच्या उड्डाणात चष्मा घालावा. डोळे सुकले की ते चोळले जातात आणि पापण्यांच्या नाजूक त्वचेला इजा होते.

हातातल्या बॅगेत काय आणि कसे न्यावे

आंतरराष्ट्रीय प्रवासात द्रव पदार्थ 100 मिलिलिटरपर्यंतच्या डब्यांत आणि सर्व मिळून एक लिटर मावेल अशा पारदर्शक पिशवीत नेण्याचा नियम 2006 नंतर जगभर रुळला. काही विमानतळांवर नव्या तपासणी यंत्रांमुळे तो शिथिल झाला आहे, त्यामुळे निघण्याच्या आणि बदलीच्या दोन्ही विमानतळांचा नियम पाहून ठेवावा. क्रीम, जेल आणि पेट्रोलियम जेली यांची गणना द्रव पदार्थांतच होते, आणि यात अनेकांची फसगत होते. कांडीच्या रूपातील बाम सहसा या मोजणीत येत नाही.

केबिनमधील हवेचा दाब साधारणपणे 1,800 ते 2,400 मीटर उंचीवरील दाबाएवढा ठेवलेला असतो. जमिनीवर बंद केलेल्या ट्यूबमधील हवा वर गेल्यावर प्रसरण पावते आणि झाकण उघडताच क्रीम भसकन बाहेर येते. म्हणून झाकण लावण्यापूर्वी ट्यूब दाबून आतील हवा काढून टाकावी आणि झाकण उघडताना ट्यूबचे तोंड वरच्या बाजूला ठेवावे. उघड्या तोंडाच्या डबीपेक्षा ट्यूब केव्हाही बरी, तिच्यात सारखी बोटे बुडवावी लागत नाहीत. एक क्रीम, एक लिप बाम, लागल्यास सनस्क्रीन आणि थोडी जेली, एवढ्यावर काम भागते.

ज्यांनी अधिक जपायला हवे

इसब असणाऱ्यांनी सुगंधविरहित, दाट मलमच वापरावे आणि डॉक्टरांनी दिलेले औषध सामानात न टाकता हाताशी ठेवावे. रोझेशियाचा, म्हणजे चेहरा वारंवार लाल होण्याचा त्रास असणाऱ्यांनी मद्याबरोबरच फार गरम पेये आणि तिखट पदार्थही त्या दिवशी टाळावेत. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्यांचे ओठ आणि नाक आधीच कोरडे असतात, त्यांनी बाम अधिक वेळा लावावा.

ज्यांना प्रवासात प्राणवायूची नळी किंवा मास्क लावावा लागतो, त्यांनी चेहऱ्यावर पेट्रोलियम जेली किंवा अन्य तेलकट पदार्थ लावू नयेत. प्राणवायूच्या सान्निध्यात ते पेट घेण्याचा धोका असतो, म्हणून त्यांनी पाण्यावर आधारित क्रीम निवडावे आणि त्याबाबत आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

तान्ह्या मुलांच्या गालांवर सुगंध नसलेल्या क्रीमचा किंवा जेलीचा अगदी पातळ हात पुरेसा असतो. सहा महिन्यांखालील बाळाला सनस्क्रीन लावण्याऐवजी खिडकीचा पडदा ओढून घ्यावा.

उतरल्यावर

पोहोचल्यावर चेहरा खरवडून धुण्याची तीव्र इच्छा होते. ती आवरावी. सुटलेले पापुद्रे स्क्रबने काढले तर अजून न सुटलेल्या पेशीही ओढल्या जातात आणि आग होऊ लागते. कोमट पाणी, सौम्य क्लिन्झर आणि ओलसर चेहऱ्यावर दाट क्रीम एवढेच त्या रात्री करावे. मुक्कामाच्या खोलीत वातानुकूलन असेल तर त्याचा झोत उशीवर येऊ देऊ नये, कारण तेथेही हवा कोरडीच असते. चेहरा लालसर राहून आग होत असेल, भेगांतून लस येत असेल किंवा पापण्या सुजल्या असतील, तर घरगुती प्रयोग न करता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.

रेटिनॉल आणि आम्लयुक्त उत्पादने त्वचा ओढल्यासारखी वाटणे पूर्णपणे थांबल्यावरच, साधारण दोन-तीन दिवसांनी, पुन्हा सुरू करावीत. परतीचे उड्डाण आठवड्याच्या आत असेल, तर मधल्या काळात ती सुरूच करू नयेत आणि घरी परतून त्वचा स्थिरावल्यावर एक दिवसाआड सुरुवात करावी.